अरुंद नळीची दारू

दौलताबादच्या किल्ल्यावर येणाऱ्या अभ्यासकाचे लक्ष साहजिकच मेंढा तोफेकडे जाते, आणि दख्खनच्या अग्निशस्त्रांचा इतिहासही बहुतांशी अशा मोठ्या तोफांभोवतीच लिहिला गेला आहे. १५४९ मध्ये अहमदनगरात ओतलेली आणि पुढे विजापुरास गेलेली मलिक-ए-मैदान हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. मात्र ज्या शस्त्राने गावोगावच्या पाटलाचा वाडा, घाटातली चौकी आणि किल्ल्याचा तट प्रत्यक्षात राखला, ते शस्त्र म्हणजे लांब आणि अरुंद नळीची तोड्याची बंदूक. आणि या बंदुकीची खरी अडचण लोखंडाची किंवा कारागिराची नसून दारूची होती. तोफ वाईट दारू पचवू शकते, कारण तिच्या पोटात मोठा बार मावतो आणि उणीव वजनाने भरून काढता येते. अर्ध्या-पाऊण इंचाच्या नळीला ती सवलत नाही. दारूची पारख कोणत्या शस्त्राने सर्वांत कठोरपणे केली असेल, तर ती या अरुंद नळीने, आणि तोफांवरच नजर खिळवून बसलेल्या इतिहासात नेमकी हीच बाजू सुटली आहे.

बंदुकीची काळी दारू तीन पदार्थांची बनते : सोरा, गंधक आणि कोळसा. सोरा, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत पोटॅशियम नायट्रेट, ज्वलनाला लागणारा प्राणवायू पुरवतो. कोळसा हे इंधन. आणि गंधक पेट घेण्याचे तापमान खाली आणून ज्वाला झटकन पसरवतो. इंग्रजी कारखान्यांत १८व्या शतकाच्या अखेरीस शंभर भागांत सोरा ७५, कोळसा १५ आणि गंधक १० असे प्रमाण स्थिरावले. शुक्रनीतीत पाच भाग सोरा आणि गंधक व कोळसा प्रत्येकी एक भाग असे प्रमाण येते, व कोळसा रुई आणि निवडुंग यांसारख्या झाडांचा, धूर कोंडून जाळलेला असावा, असे सांगितले आहे. गुस्ताव ओपर्ट या जर्मन पंडिताने १८८० मध्ये या ग्रंथाच्या आधारे प्राचीन भारतात बंदुका होत्या असे प्रतिपादन केले. परंतु पुढील संशोधकांनी या ग्रंथाचा, निदान त्यातील या भागाचा, काळ बराच अलीकडे आणला, आणि ते मत अधिक सयुक्तिक वाटते. ग्रंथ अलीकडचा ठरल्याने कोळशाविषयीच्या माहितीचे मोल मात्र कमी होत नाही, उलट ती प्रत्यक्ष वापरातल्या कसबाची नोंद ठरते. हलक्या, सच्छिद्र लाकडाचा कोळसा दारूला उत्तम, हे हिंदुस्थानभरच्या कारागिरांना ठाऊक होते, आणि बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यानेही पुढे तुरीच्या तुराट्यांचा कोळसा पसंत केला. ज्या मराठवाड्यात तुरीच्या शेतांना तोटा नाही, तेथे या तिसऱ्या घटकाची चिंता करण्याचे कारणच नव्हते.

सोऱ्याची गोष्ट वेगळी होती. जुन्या गावठाणाची पांढरी माती, पडके वाडे, गोठ्यांच्या भिंती, जेथे वर्षानुवर्षे जनावरांचे मूत्र आणि कुजलेला कचरा मुरलेला असतो, तेथे सूक्ष्म जीवांच्या क्रियेने नत्राचे क्षार तयार होतात आणि पावसाळा सरल्यावर कोरड्या हवेत भिंतींवर पांढऱ्या फुलोऱ्याच्या रूपाने वर येतात. ही माती खरवडून, पाण्यात निथळून, ते पाणी आटवले की कच्चा सोरा मिळतो. तो पुन्हा विरघळवून खडे धरू दिले की लांबट, स्वच्छ स्फटिकांचा कलमी सोरा हाती येतो. कच्च्या आणि कलमी सोऱ्यातला फरक हाच चांगल्या आणि वाईट दारूतला मुख्य फरक होय. शुद्ध सोरा हवेतला ओलावा सहसा शोषत नाही. पण त्यात साधे मीठ आणि चुन्याचे व सोडियमचे क्षार राहिले, तर ते ओल ओढून घेतात, आणि श्रावणात अशी दारू हाताला चिकट लागू लागते. दारू ओली झाली असे आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा ती वरून भिजलेली नसते. तिच्या घडणीतच ओलाव्याला दार उघडे ठेवलेले असते.

उरलेला घटक, गंधक, या देशात फारसा सापडत नाही. तो समुद्रमार्गाने येई आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून घाट चढून देशावर पोचे. त्यामुळे दख्खनमध्ये दारू तयार करणाऱ्याचा एक हात गावच्या मातीत, तर दुसरा बंदराच्या बाजारात असे. सोऱ्याच्या बाबतीतही सर्वांत मोठा आणि स्वच्छ पुरवठा बिहारात होता, आणि १७५८ मध्ये त्याचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीने मीर जाफरकडून पदरात पाडून घेतला. युरोपच्या युद्धांसाठी जहाजे भरभरून सोरा नेणाऱ्या कंपनीच्या प्रतिस्पर्ध्यांना, म्हणजे पुण्याच्या पेशव्यांना आणि हैदराबादच्या निजामाला, यानंतर मुख्यतः आपल्या मुलखातल्या मातीवर भिस्त ठेवावी लागली. या मक्त्याचा उल्लेख बंगालच्या इतिहासात येतो. दख्खनच्या लष्करी इतिहासात तो अभावानेच आढळतो, हे नवल आहे.

तीन पदार्थ एकत्र कुटले म्हणजे दारू झाली असे नाही. नुसत्या भुकटीत दोन दोष असतात : वाहतुकीत गाडीच्या हादऱ्यांनी जड आणि हलके कण वेगळे होतात, आणि नळीत ठासल्यावर भुकटी इतकी घट्ट बसते की ज्वाला तिच्यातून सावकाश सरकते. यावर उपाय म्हणजे मिश्रण ओलवून, दाबून, त्याचे दाणे पाडणे आणि चाळणीने त्यांचे आकार वेगळे करणे. युरोपात ही पद्धत १५व्या शतकापासून रूढ होत गेली. दाणेदार दारूत दोन दाण्यांमधल्या फटींतून ज्वाला क्षणात सगळ्या बारात शिरते, आणि दाणा जितका बारीक तितके ज्वलन जलद. याच तत्त्वावर दारूचे तीन ठळक प्रकार पडतात : तोफेसाठी जाड दाण्याची, बंदुकीसाठी मध्यम किंवा बारीक दाण्याची, आणि बंदुकीच्या कानाशी, म्हणजे पेटवणीच्या छिद्राशी, घालण्यासाठी जवळजवळ पिठासारखी रंजक. आजही जगात हौसेने ठासणीच्या बंदुका वापरणारे नेमबाज दाण्यांची हीच विभागणी पाळतात. त्यांच्या बाजारात एफ या अक्षराची संख्या जितकी अधिक तितका दाणा बारीक, आणि अरुंद नळीच्या रायफलींसाठी साधारणपणे तीन एफची, तर रुंद नळीसाठी दोन एफची दारू घेतली जाते.

अरुंद नळीला बारीक आणि स्वच्छ दारू का लागते, हे तोड्याची बंदूक भरण्याची क्रिया डोळ्यांपुढे आणली की स्पष्ट होते. बरकंदाज, म्हणजे बंदूकधारी शिपाई, बंदुकीचे तोंड वर करून शिंगाच्या किंवा धातूच्या बारुददानातून मापाने दारू नळीत सोडी. मग गोळी, गरज असल्यास चिंधीत गुंडाळून, तोंडात बसवून लोखंडी गजाने तळापर्यंत ठाशी. त्यानंतर नळीच्या बुडाशी बाजूला असलेल्या छोट्या पात्राचे, रंजकदानीचे, झाकण सरकवून तिच्यात चिमूटभर रंजक घाली. या पात्रातून नळीत जाणारे बारीक छिद्र म्हणजे बंदुकीचा कान. तो तुंबला असेल तर साखळीने बंदुकीलाच लटकवलेल्या सुईने तो मोकळा करावा लागे. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी, म्हणजे तोडा, एका सापासारख्या वाकड्या चिमटीत धुमसत असे. चाप दाबला की चिमटी खाली येऊन रंजक पेटे आणि ज्वाला कानातून आत शिरे. रंजक पेटली पण आतला बार पेटला नाही, तर त्याला रंजक उडणे म्हणत, आणि समोर शत्रू उभा असताना यापेक्षा केविलवाणी स्थिती दुसरी नव्हती. शाहजहानच्या कारकिर्दीच्या अखेरीस हिंदुस्थानात आलेल्या फ्रान्स्वा बर्निये या फ्रेंच प्रवाशाने मोगल पायदळाची थट्टा करताना लिहिले आहे की, हे शिपाई जमिनीवर बसून लाकडी बेचक्यावर बंदूक टेकवतात आणि आपल्या पापण्या व दाढी जळेल या भीतीने गोळी झाडतात. बर्नियेला त्यात भित्रेपणा दिसला. वस्तुतः चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर उघड्या पात्रात भडकणारी रंजक कशा प्रतीची आहे याची खात्री ज्याला नाही, त्याने असे धास्तावणे हे शहाणपणाचे लक्षण मानावे लागेल.

काळ्या दारूच्या ज्वलनात निम्म्याहून अधिक वजन वायूत न जाता घन कणांच्या रूपाने मागे राहते. त्यातला काही भाग धूर होऊन बाहेर पडतो, उरलेला नळीच्या आतल्या बाजूला काजळी आणि खरपुडीच्या रूपाने चिकटतो. तोफेच्या तोंडात ओला बोळा फिरवून ही घाण काढता येते आणि गोळा थोडा सैल असला तरी काम भागते. बोटभर नळीत मात्र चार-सहा बारांनंतर गोळी गजाने दाबूनही खाली उतरत नाही, कान तुंबतो, आणि ओढूनताणून अर्ध्यावर बसवलेली गोळी उडवली तर नळी फुटण्याचा धोका असतो. सोरा अशुद्ध असेल, कोळसा भरड असेल किंवा दारूने ओल धरली असेल, तर खरपुडी अधिक जमते. म्हणून निवड करणाऱ्याला दारूची शक्ती पाहण्याआधी तिची स्वच्छता पाहावी लागे. यासाठीची साधी परीक्षा जगभर सारखीच आढळते : पांढऱ्या कागदावर चिमूटभर दारू ठेवून ती पेटवावी, चांगली दारू एकदम उडून जाते, कागद पेटत नाही आणि मागे ठिपके राहत नाहीत, वाईट दारू फुरफुरत जळते, कागदाला भोके पाडते आणि पिवळट किंवा काळे डाग सोडते. बोटांत चोळून दाण्याचा चुरा होतो का, हाताला काळे लागते का, हेही पाहत. फुसका बार हा शब्दप्रयोग आज राजकीय लेखनात सैलपणे वापरला जातो, पण मुळात तो ही परीक्षा न केल्याचा परिणाम होता.

दारू चांगली मिळवण्याइतकेच ती चांगली ठेवणे महत्त्वाचे, याची जाणीव मराठी राज्यकर्त्यांना पुरेपूर होती. शिवकालीन अठरा कारखान्यांत दारूखान्याची स्वतंत्र गणना होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गप्रकरणात दारूखान्याविषयी दिलेली आज्ञा नमुनेदार आहे : दारूखाना वस्तीजवळ किंवा घरांच्या वाऱ्याखाली नसावा, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे, तळघर गच्च बांधावे, दारूची मडकी जमिनीवर न ठेवता माच घालून त्यावर ठेवावी, आणि हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन देऊन पुन्हा मोहोर करून ठेवावी. मडकी माचावर ठेवण्याची सूचना क्षुल्लक दिसते, परंतु पावसाळ्यात सह्याद्रीच्या किल्ल्यावरची फरसबंदी कशी पाझरते हे ज्याने पाहिले आहे, त्याला तिचे मोल कळेल. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा सुरू करण्याच्या प्रथेची कारणे सांगताना नद्यांचे पूर, चारा आणि पिके यांचा उल्लेख नेहमी होतो. त्यांत ओल धरणारी दारू आणि विझणारा तोडा यांचाही समावेश करायला हवा.

आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा दारूशी संबंध जुना आहे, आणि तो केवळ युद्धाचा नाही. पैठणच्या एकनाथांनी १५७१ मध्ये पूर्ण केलेल्या रुक्मिणीस्वयंवरात लग्नसोहळ्यातील दारूकामाचे वर्णन येते, आणि भारतातील आतषबाजीचा इतिहास लिहिताना भांडारकर संस्थेच्या परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याची दखल घेतली आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे परंपरेनुसार निजामशाहीत देवगिरीचे, म्हणजे दौलताबादचे, किल्लेदार होते आणि एकनाथांची शिष्यत्वाची वर्षे याच किल्ल्यावर गेली. तेव्हा द्वारकेच्या कथेत दारूकाम आणणारा हा कवी दारूखान्याला अनोळखी नसावा, एवढे अनुमान करता येते. शोभेची आणि लढाईची दारू करणारे हात, माती आणि चाळण्या पुष्कळदा एकच असत. लग्नसराईत नळे आणि बाण करणारा कारागीर वेढा पडला की बंदुकीची दारू कुटू शके, मात्र शोभेसाठी सावकाश जळणारी दारू चालते आणि बंदुकीला ती चालत नाही, ही अडचण राहतेच.

१६१० मध्ये मलिक अंबरने वसवलेल्या खडकी गावाचे पुढे औरंगाबाद झाले, आणि १६३३ च्या दौलताबादच्या वेढ्याने या परिसराला दारूचे सर्वांत भीषण रूप दाखवले. महाबतखानाच्या मोगल सैन्याने अंबरकोटाच्या, म्हणजे किल्ल्याच्या बाहेरच्या, तटाखाली सुरुंग खणून त्यांत दारू ठासली. शाहजहानच्या दरबारी बखरीत एका सुरुंगाची दारू सत्तर मण दिली आहे. तट उडाला, आणि अंबरचा मुलगा फत्तेखान याने अखेर किल्ला खाली करून दिला. सुरुंगाला दाणेदार दारूचीही गरज नसते. कोंडलेली असली की कोणतीही दारू तेथे काम करते. त्याच शतकात औरंगाबादेहून जाणाऱ्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दौलताबादेत उत्तम तोफा आहेत आणि गोलंदाज बहुधा इंग्रज किंवा वलंदेज असतात असे नमूद केले. बंदुकीचा बरकंदाज मात्र देशी राहिला, आणि आपली दारू आपणच पारखत राहिला.

१८व्या शतकात दख्खनच्या सत्तांनी मोठ्या फौजा उभारल्या, पण दारूचा दर्जा एकसारखा ठेवणारी व्यवस्था उभी राहिली नाही. १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या नेतृत्वाखाली धारवाडला पडलेला वेढा सहा महिन्यांहून अधिक चालला. तेथे इंग्रज तुकडीबरोबर असलेल्या एडवर्ड मूर याने मराठी मोर्च्यातील तोफ एकदा भरल्यावर सगळे लोक खाली बसून अर्धा तास गप्पा मारतात आणि चिलीम ओढतात, असे उपहासाने लिहिले. दारू तोकडी आणि बेभरवशाची असताना प्रत्येक बार जपून वापरण्यापलीकडे दुसरा मार्ग नसतो, हे मूरच्या लक्षात यायला हवे होते. महादजी शिंद्यांनी द ब्वान्य या युरोपीय सेनानीकडून उभारलेल्या कवायती पलटणी आणि आग्र्याचे शस्त्रनिर्मितीचे कारखाने हा या उणिवेवरचा खरा उपाय होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्याला शिंद्यांच्या तोफखान्याने जी जबर हानी पोचवली, ती पाहता तेथील दारू निकृष्ट होती असे कोणी म्हणू शकणार नाही. वेलस्लीच्या जखमींना नंतर अजिंठा गावी ठेवावे लागले. शिंद्यांचा पराभव झाला तो दारूमुळे नव्हे. परंतु आग्र्याची ही शिस्त दख्खनमधल्या गढ्या आणि चौक्यांपर्यंत कधीच पोचली नाही.

कंपनीने मात्र दारूचा प्रश्न कारखान्याने सोडवला. इशापूरचा कारखाना १७८७ मध्ये स्थापन झाला. मुंबईत माझगावला दारू तयार होई, आणि तेथील गनपावडर रोड व जवळचा दारूखाना ही नावे अजून टिकून आहेत. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. दरम्यान ठासणीची बंदूकच बदलली होती : तोड्याच्या जागी आधी गारगोटीची चकमक आणि मग टोपी आली, आणि १८५३ च्या एन्फील्ड रायफलीने नळीत आटे आणले, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या मळसूत्री खाचा. आटे पाडलेल्या नळीत खरपुडी अधिकच अडते, म्हणून ०.५७७ इंचाच्या या नळीसाठी सुमारे साडेचार ग्रॅम दारू आणि गोळी कागदाच्या काडतुसात आधीच बांधून, गोळीकडच्या टोकाला चरबी लावून देण्यात येऊ लागली. चरबीचे काम खरपुडी मऊ ठेवण्याचे होते. १८५७ चा भडका ज्या काडतुसांनी उडाला असे सांगतात, त्यांच्या मुळाशी अशी ही अरुंद नळीची जुनी अडचण होती. त्या वर्षी जूनमध्ये औरंगाबादेत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने बंड केले, तेव्हा त्यांचा रोष मुख्यतः दिल्लीच्या बादशहावर चालून जावे लागेल या शंकेवर होता. जनरल वुडबर्नने हे बंड मोडले आणि काळा चबुतरा येथे झालेल्या शिक्षांची आठवण शहराने जपली आहे. बंदूक भरण्यापूर्वी दारू निवडण्याचा अधिकार मात्र सैनिकाच्या हातून काडतुसाबरोबरच गेला होता.

ब्रिटिश मुलखात १८७८ च्या शस्त्र कायद्याने आणि १८८४ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्याने दारू बनवणे, बाळगणे व विकणे परवान्याखाली आले आणि गावोगावची चाळणी थांबत गेली. स्वतंत्र भारतात १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे, आणि स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. कोकणात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील शेतकरी रानडुकरांपासून पिके वाचवण्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अजूनही ठासणीची बंदूक बाळगतात. त्यांना दारू परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी लागते, आणि दुकानात जी असेल तीच त्यांच्या नळीत जाते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी बारुददाने पाहायला मिळतात आणि त्यांच्या कोरीवकामाचे कौतुकही होते, पण त्यांत कोणती दारू असे याविषयी फलकावर सहसा काही लिहिलेले नसते. याची उत्तरे कागदांत आहेत. मूळचे औरंगाबादच्या किल्ले अर्कमध्ये असलेले शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळचे फारसी दप्तर आज हैदराबादच्या अभिलेखागारात आहे, आणि पेशवे दप्तरातील मोडी रुमालांत किल्ल्यांच्या दारूखान्यांचे हिशेब आहेत. मोडी आणि फारसी दोन्ही वाचू शकणाऱ्या तरुण अभ्यासकांनी तोफांची नावे आणि मापे गोळा करण्यापूर्वी सोरा, गंधक आणि कोळशाच्या या खरेदीच्या नोंदी हाती घ्याव्यात.